मुका सोमवार

कॉर्क शहरात बेल मिळत नाही. म्हणून गिरिजा रोज एकच पान धुऊन वाहायची.

ते पान तिला वडिलांनी दिलं होतं, ती मिरजेहून निघाली त्या दिवशी. वडील गुरव. शंकराच्या देवळातली पूजा आणि घरोघरी बेल पोचवणं, यात त्यांचा जन्म गेलेला. बेल शिळा होत नाही, ते म्हणाले होते. धुवायचा आणि पुन्हा वाहायचा. आयर्लंडच्या ओल्या हवेतसुद्धा ते पान वाळून चहाच्या रंगाचं झालं होतं, पण तिन्ही दलं अजून शाबूत होती.

"आता बेल धुतेय हं," खिडकीपाशी उभी राहून ती म्हणायची. "पाणी फार गार आहे. आता पुसते. आता वाहते."

घरात दुसरं कोणी नसायचं. तिचा नवरा अभिजित औषधांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला गेलेला असायचा. गिरिजा बोलत असायची ती आपल्या बाळाशी. बाळ काळ्या समुद्रापलीकडे होतं, जॉर्जिया देशात, कुताइसी नावाच्या गावात, केतेवान नावाच्या एका बाईच्या पोटात.

गिरिजाची दोन बाळंतपणं अर्ध्यावर मोडली होती आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांना तिची गर्भपिशवी काढावी लागली होती. त्याला सहा वर्षं झाली. बीज तिचं आणि अभिजितचं, पण वाढवणारी कूस दुसरीची हवी. राहत होते त्या देशात तशी बाई मिळणं कठीण, आणि आपल्याकडे कायद्याने ते दार केव्हाच बंद केलेलं. म्हणून मग कुताइसीचं रुग्णालय. तिथे तो पट्टा होता.

पोटातलं मूल साधारण सहाव्या महिन्यापासून नीट ऐकू लागतं. भोवती पाणी असतं, त्यामुळे शब्दांच्या कडा विरघळून जातात आणि उरते ती नुसती चाल: आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे थांबतो. एवढ्या शिदोरीवर जन्मलेलं मूल आईचा आवाज इतर आवाजांतून वेगळा ओळखतं. रडतंसुद्धा आईच्या भाषेच्या चालीत. हे जुनंच ज्ञान. नवा होता तो पट्टा. गिरिजाच्या गळ्यावर नखाएवढी एक चकती चिकटवलेली असायची. ती तिचा आवाज, तिचा श्वास, तिच्या शिरेचा ठोका उचलून कुताइसीला पाठवायची आणि केतेवानच्या पोटावरचा पट्टा ते सगळं आत बाळाला ऐकवायचा. उलट दिशेने, गिरिजाच्याही पोटावर तसाच एक पट्टा होता. तिकडे बाळाने पाय झाडला की इकडे तिच्या पोटावर, त्याच जागी, टक् व्हायचं.

पण पट्ट्याचं अवघड काम वेगळंच होतं. मूल जिच्या पोटात असतं तिचा आवाज त्याला सगळ्यांत मोठा ऐकू येतो, कारण तो तिच्या हाडांतून खाली उतरतो. त्यासाठी केतेवानच्या पाठीच्या कण्यापाशी एक संवेदक बसवला होता. तिने तोंड उघडलं की तो तिच्या आवाजाची लाट मोजायचा आणि पट्टा त्याच क्षणी बरोबर उलटी लाट सोडायचा. एकीचा उंचवटा दुसरीच्या खड्ड्यात बसला की पाणी सपाट. विमानातला गोंगाट गिळणारे हेडफोन हेच करतात. केतेवान बोलायची, हसायची, आपल्या लेकीला हाका मारायची. आपल्याच पोटात मात्र ती मुकी होती.

हे सगळं न्यायालयासाठी होतं. त्या देशाच्या नव्या कायद्याने कागदांपेक्षा बाळालाच विचारायचं ठरवलं होतं. जन्मानंतर ओळख-चाचणी व्हायची. बाळाच्या तोंडात चोखणी द्यायची, आधी एकीला बोलायला लावायचं, मग दुसरीला. आवाज ओळखीचा असला की मूल चोखण्याचा वेग बदलतं. बाळाने एकट्या गिरिजाला ओळखलं तर ते त्याच दिवशी तिचं. केतेवानलाही ओळखलं, तर केतेवानला विचार करायला तीन महिने मिळणार. आणि तिच्या मनाने घेतलं तर मूल तिच्याकडेच राहणार.

त्यामुळे गिरिजा बोलत होती. मुळात ती हळू बोलणारी. पट्टा येण्याआधी त्या घरात दिवसच्या दिवस शब्द उमटत नसे. रुग्णालयाकडून मरियम नावाची बाई सगळं बघायची. तिने दोनदा निरोप पाठवला की जरा मोठ्याने बोला, बाळाला तुमचा श्वासच जास्त ऐकू येतोय. मग गिरिजा भाजी चिरताना भाजीचं सांगायची, केर काढताना केराचं. स्तोत्रं रोजचीच होती, ती आता मोठ्याने म्हणायची. बोलायला विषय उरला नाही की नदीवरच्या बगळ्यांचं सांगायची. ऐकणारं कुणी समोर नसताना बोलत राहणं तिला देवघरामुळे सवयीचं होतं.

सोमवार मात्र सुटा.

सोमवारचं मौन तिने नवस म्हणून धरलं होतं, बाळ सुखरूप हाती यावं म्हणून. उठल्यापासून तिन्हीसांजेचा दिवा लावेपर्यंत शब्द काढायचा नाही. तिच्या माहेरी याला मुका सोमवार म्हणत. केतेवानशी एकदाच व्हिडिओवर भेट ठरली होती, पुढे ओळख वाढू द्यायची नाही असा रुग्णालयाचा नियम होता. त्या भेटीत दुभाष्या मौन या शब्दाशी अडला. मग गिरिजाने हातांनीच सांगितलं: नखाने गळ्यावरची चकती सोलून काढली, मुठीत झाकली आणि ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावरची गोल चेहऱ्याची, कपाळावर पिठाचा डाग असलेली बाई क्षणभर बघत राहिली. ती बेकरीत कामाला होती, तिथून तशीच आली असावी. मग तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि मान हलवली. देवाचं काही आहे एवढं तिला कळलं होतं.

चकती काढण्याबद्दल गिरिजाने रुग्णालयाला काही कळवलं नाही. त्यात कळवण्यासारखं काय होतं? शब्दाची वाट बघणारं यंत्र गळ्याला लावून बसायचं, तर ते मौन कसलं.

आणि चमत्कार असा, की सोमवारीच बाळ नाचायचं.

इतर दिवशी ते शहाण्यासारखं असायचं, कुठे कूस बदलणं, कुठे एखादं टक्. सोमवारी दुपार झाली की गिरिजाच्या पोटावर धावपळ सुरू व्हायची. हातातलं काम टाकून ती देवासमोर बसायची, दोन्ही हात पट्ट्यावर ठेवून. डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बोलायचं नसल्यामुळे ते कुणाला सांगायचंही नसायचं. दिवा लावला की पहिला फोन सासूबाईंना. सासूबाईंनी ते मिरजेच्या अख्ख्या गल्लीत पोचवलं: नवस पावला, महादेव स्वतः खेळवतोय.

त्याच सासूबाईंनी डोहाळजेवणाचा घाट घातला, व्हिडिओवर. गिरिजाला हिरवी साडी नेसायला लावली, फुलांची वाडी चढवायला लावली, आणि ऐनवेळी त्यांना शंका आली.

"पण गिरिजा, ओटी कुणाची भरायची गं? पोट एकीचं आणि पट्टा दुसरीचा."

पलीकडे बायका हसल्या. गिरिजाही हसली. फोन ठेवल्यावर तिने वाडी उतरवली, साडी घडी करून ठेवली आणि बाळाला सांगितलं, "आता साडी ठेवतेय हं."

आठवा महिना लागला आणि मरियमचा फोन आला. ती इंग्रजीत बोलत होती, फार जपून. महिन्याचा आढावा घेताना दिसलं, की दर सोमवारी गिरिजाकडून काहीच येत नाही; आवाज नाही, श्वास नाही, ठोका नाही. पट्टा समजतो की संपर्क तुटला. मग तो झोपतो. लाथा तेवढ्या पोचतात, पण उलटी लाट सुटत नाही. पट्ट्यावर एक छोटा हिरवा दिवा आहे, तो सोमवारी लागत नाही. केतेवानने ते कधीतरी हेरलं असणार. कण्याजवळचा संवेदक सांगतो की सोमवारी दुपारी बेकरीतून आली की ती गाते. बराच वेळ. इतर दिवशी ती गात नाही.

गिरिजाने विचारलं, काय गाते.

ते कळत नाही, मरियम म्हणाली. आवाज साठवायची परवानगी नाही, संवेदक फक्त लाटेचा जोर नोंदवतो, त्यावरून बोलणं की गाणं एवढंच कळतं. पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा असा की असंच चाललं तर बाळ चाचणीत दोघींनाही ओळखेल. यावर उपाय होता. यंत्राकडे गिरिजाचा आवाज आता भरपूर जमला होता. सोमवारपुरता ते तिच्याच आवाजात बोलू शकत होतं. त्याला पूरक आवाज म्हणत. दोघा नवराबायकोंनी होकार द्यायचा, बस.

अभिजित घरी आल्यावर तिने त्याला वाढता वाढता सांगितलं. तो जेवायचा थांबला.

"म्हणजे इतके दिवस ते तिच्या गाण्यावर नाचत होतं."

गिरिजाने त्याच्या ताटात आणखी आमटी घातली. त्याला नको होती, पण त्याने हात आडवा केला नाही.

"होकार देऊ," तो म्हणाला. "तू गप्पच राहणार, बोलेल ते यंत्र. व्रत कुठे मोडतंय?"

त्याच्या बोलण्यात तिला चूक सापडेना, म्हणून तिने मान डोलावली.

पुढच्या सोमवारी सकाळी तिने चकती काढली, पान धुतलं, वाहिलं. फोनवर पूरक आवाज ऐकायची सोय होती. तिने एकदाच लावून पाहिला. स्वयंपाकघरात तिचाच आवाज बोलू लागला, तिच्यापेक्षा मोठ्याने, न अडखळता. "माझ्या सोन्या, माझ्या राजा, आई तुझी वाट बघतेय." पुष्कळ आयांचं बोलणं ऐकून यंत्राने हे शब्द गोळा केले असतील. गिरिजाने बाळाला कधी राजा म्हटलं नव्हतं. तिने त्याला फक्त चाललंय काय ते सांगितलं होतं.

दुपार झाली. पोटावर काही नाही. तिने पट्टा घट्ट केला, वरून तळवा दाबून धरला. एकदा काहीतरी कुशीवर वळल्यासारखं वाटलं, मग तेही थांबलं. मरियमचा निरोप आला की बाळ उत्तम आहे, शांत झोपलंय. मागून आणखी एक ओळ आली: केतेवान आज विचारत होती, दिवा का लागलाय.

गिरिजा देवासमोर बसून राहिली. आपल्याच घरात आपला आवाज दुसऱ्या कुणाकडे गेलाय आणि आपण दाराबाहेर उभ्या आहोत, असं तिला वाटत राहिलं. अशीच दाराबाहेर ती दुसरी बाई गेले कितीतरी आठवडे उभी होती, स्वतःच्याच अंगात.

तिन्हीसांजेला तिने दिवा लावला. अभिजित मागे येऊन उभा राहिला होता.

"अहो, ते बंद करा."

"गिरिजा, तीन महिने तिच्या हातात जातील. आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर आपण दोघंच परत येऊ."

"चालेल तुला?"

"नाही चालणार." तिने वात जरा मागे ओढली. "बाबा म्हणायचे, आपण गप्प बसायचं ते देवाला बोलायला जागा व्हावी म्हणून. मी जागा केली. आता तिथे कोण बोललं ते मी ठरवू?"

"देव बोलला असता तर माझी हरकत नव्हती. ही बेकरीतली बाई बोलतेय."

"हो ना," गिरिजा म्हणाली. "तिचं तोंड बांधून मी देवापुढे कशी बसू?"

अभिजितने फोनवर होकार मागे घेतला. भांडला नाही. फक्त त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला, आणि घरात पुन्हा तिचा एकटीचा आवाज राहिला.

सोमवारी दुपारी पाय परतले. आता गिरिजा निराळ्या कानांनी ऐकत होती. नीट लक्ष दिलं तर त्या धावपळीत एक ठेका होता. दोन हलके, एक जोराचा, मग थांबा. पुन्हा दोन हलके, एक जोराचा, थांबा. गाणं कुठलं, शब्द काय, सूर चढतो की उतरतो, यातलं काहीच पट्ट्यातून येत नव्हतं. थांब्यात केतेवान श्वास घेत असेल का, असं मनात येऊन गिरिजा तिथे आपलाही श्वास घ्यायची. दोन बायका आणि एक बाळ, एका वेळी. सगळ्या आठवड्यात तिला सोबत अशी होती ती तेवढीच.

वसंतात ते दोघं कुताइसीला गेले. मुलगी झाली. बंद दाराआडून तिचं रडणं ऐकू आलं आणि अभिजितने मान वर केली. रडणं मध्ये चढून शेवटी लांबत उतरत होतं.

"हेल मिरजेचा आहे," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला, आणि मग हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

चाचणी होईपर्यंत बाळ कुणाच्याच हाती देत नसत. परिचारिका तोंडाला पट्टी बांधून, एक शब्द न काढता तिला दूध पाजत. दोन्ही आया काचेपलीकडे, वेगवेगळ्या वेळी.

चाचणी गुरुवारी होती. एक लहान खोली, भिंतीवर पडदा, पाळण्यात चोखणी तोंडात घेतलेली मुलगी. न्यायालयाची अधिकारी बाई, एक डॉक्टर, इंग्रजी बोलणारी दुभाषी. आधी गिरिजाला खूण झाली. काय बोलावं याची तिने घरून तयारी केली होती, ती सगळी विसरली.

"आता बेल धुतेय हं," ती म्हणाली. "पाणी फार गार आहे."

पडद्यावरची चोखण्याची रेघ थांबली. मग सावकाश, लांब लांब उमटू लागली. पाळण्यातले डोळे उघडे होते. अधिकारी बाईने नोंद केली.

मग केतेवानला आत आणलं. व्हिडिओवर दिसली होती त्यापेक्षा ती बुटकी होती. राखाडी स्वेटर, हात पोटावर, जिथे आता काही नव्हतं. ती पाळण्याजवळ आली तशी अभिजितने गिरिजाचं मनगट धरलं. गिरिजाच्या छातीत एकाच वेळी दोन मागण्या होत्या. हिने बोलू नये. आणि हिने एकदा, एकदाच, गावं.

केतेवानने मुलीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिने गिरिजाकडे मान वळवली, हात उचलला, आणि नखाने आपल्या गळ्यावरून काहीतरी सोलून काढलं. तिथे काहीच नव्हतं. ते नसलेलं काहीतरी तिने मुठीत झाकलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

अधिकारी बाईने तिला पुन्हा बोलायला सांगितलं. दुभाषीने समजावलं की न बोलल्यास ओळख नाही अशी नोंद होईल आणि तिचा हक्क इथेच संपेल. केतेवानने मान हलवली. ते तिला आधीच कळलं होतं.

"गा ना," गिरिजा मराठीत म्हणाली. स्वतःलाही कळायच्या आत म्हणाली. "तिला ऐकू दे. मलाही."

दुभाषीला मराठी येत नव्हतं. त्या खोलीत ते कळलं ते एकट्या अभिजितला, आणि त्याने मनगट सोडलं नाही की तिला आवरलंही नाही. केतेवानला काय कळलं कोण जाणे. ती किंचित हसली, बोट ओठांवरून काढलं नाही, आणि तशीच दाराबाहेर गेली.

पडद्यावरची रेघ बराच वेळ तशीच, वाट बघितल्यासारखी, सपाट होती.

उमा आता चार महिन्यांची आहे. आईचा आवाज आला की ती हातपाय झाडते, हुंकार देते. पान धुताना तिला कडेवर घ्यावं लागतं. सासूबाई म्हणतात, नवस फळला, आता उद्यापन करून मोकळी हो. गिरिजा हो म्हणते आणि करत नाही.

तिने मरियमला विचारलं होतं. केतेवानचा पत्ता देता येत नाही, तिचा आवाज कुठेच साठवलेला नाही, हे मरियमने फार सौम्यपणे सांगितलं.

सोमवारी गिरिजा मुकी असते. दुपार झाली की उमा कुरकुर सुरू करते. आईच्या तोंडाकडे बघत नाही. मान कलती करून खिडकीकडे, नदीकडे, कुठेतरी पलीकडे बघत राहते. गिरिजा तिला उचलून आपल्या पोटाशी धरते, जिथे तो पट्टा असायचा तिथे, आणि तळव्याने तिच्या पाठीवर थोपटते. दोन हलके, एक जोराचा, मग थांबा.

उमा गप्प होते. सगळं अंग कानांत आणून ऐकते.

गिरिजाकडे ठेका तेवढा आहे. थांब्यात दोघीही श्वास धरून असतात, त्यावर जे यायला हवं त्याची वाट बघत. खाली नदीवर एक बगळा उडतो. मग गिरिजा पुन्हा पहिल्यापासून थोपटू लागते.